राखून ठेवलेला पूल

पुलावर ताडपत्री घालायची कल्पना उज्ज्वला चौगुलेचीच. निंबऱ्याची सरपंच म्हणून तिनं आजवर पुष्कळ ठराव मांडले होते, पण एवढ्या एकमतानं पास झालेला ठराव हाच. दसऱ्याला पुलाचं उद्घाटन झालं, मंत्री आले, नारळ फुटला, फेटे बांधून फोटो निघाले. आणि पाहुण्यांच्या गाड्या वळणाआड जातात न जातात तोच पुलाच्या दोन्ही तोंडांना दोर बांधला गेला. म्हशींना बंदी, ट्रॅक्टरला बंदी, उसाच्या बैलगाडीचं तर नावच नको. माणसांनी जायचं ते लग्नाला नाहीतर मयतीला, आणि तेही चपला हातात घेऊन. ऊन तापायला लागलं तशी वरून निळी ताडपत्री आली. पूल पावसाळ्यासाठी राखून ठेवायचा होता. बाकीचे आठ महिने नदी ओलांडायला खालचा बंधारा होताच की.

यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. निंबऱ्यात काय आणि नदीपलीकडच्या थळवाडीत काय, नवी वस्तू घरात आली की आधी फडताळात जाते. रिमोटवरचं प्लॅस्टिक टीव्ही बंद पडेपर्यंत निघत नाही आणि पाहुण्यांसाठी घेतलेले कप पाहुणेसुद्धा काचेतून बघूनच जातात. उज्ज्वलाची आई आनंदीबाई तर या बाबतीत दोन्ही गावांची गुरू. लेकीनं एकदा हौसेनं आणलेली कोल्हापुरी चपलांची जोडी तिनं कागदासकट ट्रंकेत ठेवली होती, आणि स्वतः झिजलेल्या रबरी स्लिपरा ओढत हिंडत होती.

आनंदीबाई थळवाडीत एकटी राहायची. वय ऐंशीच्या घरात, पण जीभ तरणीताठी. उज्ज्वलाचं माहेर नदीच्या पलीकडे, सासर अलीकडे. वारा बरा असला तर इकडून मारलेली हाक तिकडे जाईल एवढंच अंतर. पण मधे निरगुडी नदी होती. पावसाळ्यात बंधारा पाण्याखाली जायचा आणि सडकेनं फिरून जायचं तर अर्धा दिवस मोडायचा, तोही घाटातला रस्ता खचला नसेल तर. आईला आपल्याकडेच आणून ठेवावं म्हटलं, तर लेकीच्या दारात राहायची पद्धत आमच्यात नाही, एवढं एकच तिचं उत्तर. त्यामुळे दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी उज्ज्वला आईचा निरोप घ्यायची, आणि दिवाळीला दार उघडायला आई असेल की नाही या भीतीनं चार महिने काढायची. पूल दोन गावांसाठी हवा, असं ती भाषणात सांगायची, आणि ते खोटं नव्हतं. पण मनातल्या मनात तो एका म्हातारीसाठी होता.

त्या गावांना पुलाची किंमत नव्हती असं कुणी म्हणू नये. किंमत होती म्हणूनच तर हा सगळा घोळ झाला. नदी ओलांडायच्या या जागेला पूल काही पहिल्यांदाच मिळत नव्हता. अगदी आधी होती ती काहील, गुऱ्हाळात गूळ आटवायची पसरट लोखंडी कढई. दोन्ही काठांच्या झाडांना जाडजूड दोर बांधायचा, काहिलीत चार माणसं बसवायची आणि दोराला हात घालत घालत पलीकडे जायचं. मग साकव आला. जांभळीच्या ओंडक्यांचा तो साकव दिवाळीला बांधायचा आणि मृगाआधी सोडून देवळामागे रचून ठेवायचा. त्याच्यावरून एका वेळी एकच माणूस जायचं, जनावर पाण्यातून. पुढे संस्थानच्या काळात पाच कमानींचा दगडी पूल झाला. तो तीन पिढ्या टिकला, पण साखर कारखाने आले, उसाचे ट्रक आले, एका कमानीला चीर गेली, ‘जड वाहनांस मनाई’ अशी पाटी लागली, पाटी वाचूनच ट्रक जात राहिले, आणि एका महापुरात कमानी गेल्या. उरले नुसते खांब. त्यानंतरचा काँक्रीटचा पूल इतक्या लवकर वाहून गेला की म्हाताऱ्या माणसांच्या हिशेबात तो धरलाच जात नाही. मग पुन्हा पुरात काहील.

एवढ्या सगळ्यांतून गाव एकच गोष्ट शिकलं होतं, की पूल वापरला की झिजतो. ती गोष्ट खरीही होती. फक्त या नव्या पुलाला ती लागू नव्हती.

हा पूल बांधलेला नव्हता, वाढवलेला होता. दगडी पुलाच्या जुन्या खांबांवरून, बेसाल्ट वितळवून काढलेल्या धाग्यांची एक जाळी टाकली होती. त्या जाळीत सूक्ष्म जिवाणू सोडले होते. बारीक नळ्यांमधून त्यांना खाणं मिळायचं: कारखान्याची मळी, थोडा युरिया आणि चुन्याची निवळी. त्या खाण्यातून ते दगडासारखा टणक चुना तयार करायचे आणि धाग्यांवर चढवायचे. पण कुठे चढवायचा हे त्यांना कसं कळणार? खरी करामत तिथे होती. पुलावर पाय पडला की जाळी केसभर वाकते, वाकली की त्या जागी धाग्यात अगदी नाममात्र वीज निर्माण होते, आणि ती वीज म्हणजे जिवाणूंना बोलावणं. जिथे भार पडतो तिथे चुना जाड होतो. जिथे भार पडत नाही तिथे दुसऱ्या जातीचे जिवाणू तो विरघळवून परत घेतात, म्हणजे पूल उगाच बोजड होत नाही. आपलं हाड असंच वाढतं. खूप दिवस अंथरुणाला खिळलेल्या माणसाची हाडं ठिसूळ होतात, आणि अंतराळात महिनोन्‌महिने तरंगणाऱ्यांची तर हमखास होतात, कारण त्यांच्यावर भारच नसतो.

हे सगळं डॉ. अर्शिया शिकलगार या मिरजेच्या तरुण शास्त्रज्ञ बाईनं उद्घाटनाच्या दिवशी माइकवरून सांगितलं होतं. पुलाचा शोध तिच्याच तुकडीचा. उज्ज्वला पहिल्या रांगेत होती आणि तिनं शब्द न्‌ शब्द ऐकला होता. ऐकून तिनं मनाशी ठरवलं, की पोरगी हुशार आहे, पण हिनं आयुष्यात पूल बघितलेत किती? नव्या बैलाला पहिल्याच दिवशी कुणी उसाच्या गाडीला जुंपत नाही.

गंमत अशी की चूक दोन्हीकडून झाली. अर्शियाला तिच्या प्रयोगशाळेत बसल्या बसल्या पुलावरचं प्रत्येक पाऊल कळायचं. पावलं जवळजवळ नव्हतीच. पण चाळीस वर्षं पूल मागणारी माणसं पूल मिळाल्यावर त्याच्यावरून जात नाहीत, हे तिच्या डोक्यात शिरणं शक्य नव्हतं. तिनं मानलं, सेन्सर बिघडलेत. नवे सेन्सर ड्रोननं पाठवले, गावातल्या वायरमननं ते इमानेइतबारे बसवले, त्यांनीही तेच सांगितलं. शेवटी गुढीपाडव्याच्या सुमाराला ती स्वतः हत्यारांची पेटी घेऊन आली आणि ताडपत्रीपाशी उभी राहिली.

उज्ज्वला तिला आदरानं पूल दाखवायला घेऊन गेली होती. दोराला लावलेलं आंब्याच्या पानांचं तोरण तिनं त्याच सकाळी बदललं होतं.

“हे काय आहे, अक्का?” अर्शियानं विचारलं.

“ऊन लागतंय न्हवं. म्हनून झाकलाय. बघ की, एक खरचटा न्हाई त्येला अजून.”

अर्शियानं ताडपत्रीचं टोक उचललं, पालथी पडून पुलाच्या खालून हात घातला आणि एक छोटं यंत्र ठिकठिकाणी टेकवत राहिली. उठली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. एवढ्या महिन्यांत जेवढा चुना चढायला हवा होता त्याच्या निम्माही चढला नव्हता, आणि होता तोही उतरत चालला होता. तिनं ते रागावून सांगितलं असतं तर उज्ज्वलाला सोपं गेलं असतं; भांडणात ती कुणाला हार जाणारी नव्हती. पण अर्शिया पुलाच्या कठड्याला टेकून खाली बसली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, की मृगाआधी बांधकाम खात्याची भारचाचणी आहे. पूल असाच राहिला तर तो पुरात तुटून खालच्या गावांच्या अंगावर जाईल, म्हणून खातं तो आधीच विरघळवून टाकेल. तसं औषध असतं. दोन दिवसांत नुसते खांब उरतील.

“म्हंजे या पावसाळ्यात पूल न्हाई?”

“या पावसाळ्यात नाही, आणि असला पूल पुन्हा कुठेच नाही. एकदा फसला तर दुसऱ्यांदा कोण पैसे देणार?”

उज्ज्वलाला त्या क्षणी दोन गावं आठवली नाहीत. तिला थळवाडीतलं एक दार आठवलं, आणि आपणच त्या दाराला बाहेरून कडी घालून आलो, असं वाटलं. तिला स्वतःचा भयंकर राग आला. राग आला की ती हातानं काहीतरी करायची. तिनं जागच्या जागी ताडपत्रीच्या गाठी सोडायला घेतल्या.

गाठी सोडता सोडता तिचं लक्ष स्वतःच्या पायांकडे गेलं. तिच्या पायात कोल्हापुरी होत्या. कोल्हापुरी चपलेचं काय असतं हे त्या मुलखात शेंबड्या पोरालाही ठाऊक. नवी असते तेव्हा चावते. रोज घातली तर पायाच्या आकाराची होऊन वर्षानुवर्षं चालते, आणि ठेवून दिली तर वाळून ताठरते, तिला चिरा जातात. इतकी वर्षं जी गोष्ट पायात होती ती डोक्यात यायला ताडपत्रीच्या गाठी सोडाव्या लागल्या.

“किती दिस हाईत?” तिनं विचारलं.

दोन महिने होते. अर्शियाच्या मते ते पुरले असते, पण एकदम मोठा भार टाकता येणार नव्हता. पूल अशक्त होता. हळूहळू, रोज थोडा जास्त, आणि एक दिवसही खाडा न करता भार द्यायला हवा होता.

त्या संध्याकाळी देवळासमोर सभा भरली. उज्ज्वलानं ठराव मागे घेतला, आणि आपली चूक झाली हे तिनं पदर खोचून, म्हणजे भाषण ठोकावं तशा आवाजात सांगितलं. लोकांनी ते ऐकून घेतलं. पण पूल कमजोर झालाय हे ऐकल्यावर, काल ज्यांना तो जपायचा होता त्यांना आज त्याची भीती वाटायला लागली. आधी दुसऱ्यानं जावं असं प्रत्येकाला वाटत होतं. थळवाडीच्या तालमीचे वस्ताद मारुती ढेरे तेवढे पुढे आले. ते म्हणाले, हे तर रोजचंच आहे आमचं. पैलवानाला पहिल्या दिवशी हजार जोर कुणी काढायला लावत नाही, आणि खाऊपिऊ घालून गादीवर झोपवूनही ठेवत नाही. पुलाची मेहनत मी घेतो.

तरी पहिलं पाऊल कुणाचं हा प्रश्न उरलाच. उज्ज्वलानं तो निकालात काढला.

“गावात माझ्याइतका वजनदार सरपंच आजवर झाला न्हाई,” ती म्हणाली. “मला धरलं तर तुमा सगळ्यांस्नी धरंल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चपला घालून पुलावर चढली. दोन्ही काठांवर माणसं श्वास रोखून उभी होती. सवयीनं ती मधेच थांबून खालच्या पोरांना बंधाऱ्याशी खेळू नका म्हणून ओरडली, आणि त्या ओरडण्यानंच लोकांचा धीर वाढला. पलीकडे उतरल्यावर, एवढं आलोच आहोत तर आईला भेटून जावं, म्हणून ती माहेरी गेली.

त्या दिवसापासून तिचं रोजचं येणं-जाणं सुरू झालं. वस्तादांनी पहिला आठवडा माणसं घातली, मग शेळ्या, मग म्हशी. म्हशींनी पुलावर जे करायचं ते केलं तेव्हा निंबऱ्याच्या बायकांनी तोंडाला पदर लावला, पण अर्शिया हसत सुटली. तिच्या जिवाणूंना युरिया लागतोच, तो फुकट मिळत होता. मग रिकामी बैलगाडी, मग पोरांनी भरलेली. भार द्यायचा तर जायला निमित्त पाहिजे, म्हणून निमित्तंही निघाली. निंबऱ्याचं दूध थळवाडीच्या डेअरीत जायला लागलं आणि थळवाडीची पोरं तालुक्यात नावाजलेल्या निंबऱ्याच्या वडापावच्या गाडीवर. एरवी लग्नपत्रिकेपुरती ओळख असलेली माणसं एकमेकांच्या ओट्यावर बसायला लागली, आणि ओघानंच एकमेकांची उणीदुणीही काढायला लागली. अर्शियाच्या पडद्यावर चुन्याची रेघ आधी उतरायची थांबली, आणि मग वर चढू लागली.

आनंदीबाईच्या घरात मात्र वेगळंच चाललं होतं. पहिले काही दिवस तिनं लेकीचं पाहुणीसारखं स्वागत केलं. फडताळातले कप निघाले, चहाबरोबर लाडू आला. मग एक दिवस तिनं दारातच विचारलं, “आज परत?” कप पुन्हा फडताळात गेले आणि स्टीलचा पेला आला. सांगण्यासारखं जे होतं ते सांगून झालं होतं. वर्षातून चार वेळा भेटणाऱ्या माणसांना गोड बोलणं जमतं. रोज भेटणाऱ्यांना ते परवडत नाही. आई म्हणायची, तुझं वजन वाढलंय, पूल वाकंल नाहीतर काय करंल. लेक म्हणायची, तुझ्या चुलीपाशी कोळिष्टकं आहेत. आई म्हणायची, मग काढ की. लेक केरसुणी घ्यायची आणि नको तिथे झाडायची, आणि मग दोघींची जुंपायची. उज्ज्वला घरी येऊन नवऱ्याला सांगायची की उद्यापासून मी जात नाही. नवरा शांतपणे म्हणायचा, पुलासाठी तरी जा.

अशाच एका भांडणात तिच्या तोंडून ते निघून गेलं.

“दोर का सोडलास, आई?”

कुठला दोर हे आनंदीबाईनं विचारलं नाही. तीस वर्षं होत आली होती. पूल गेल्यानंतरच्या दुसऱ्या एका महापुराचं साल होतं ते. नदीला पूर असतानाच उज्ज्वलाचे वडील घरी वारले, तसा फोन आला. निंबऱ्याच्या पोरांनी काहील काढली, दोर दोन्ही काठांना बांधलेलाच होता. उज्ज्वला काहिलीत पाय घालणार एवढ्यात पलीकडच्या काठावर तिला आई दिसली. आईनं करंजाच्या झाडाला बांधलेला दोर सोडला आणि पाण्यात टाकून दिला. दोर वाहून गेला. मग दुपारी थळवाडीच्या स्मशानातून धूर निघाला, आणि उज्ज्वलानं तो अलीकडच्या काठावर उभं राहून पाहिला. पुढे दिवाळीला ती माहेरी गेली, आईला साडी नेली, आणि तो विषय तिनं काढला नाही; त्या दिवाळीलाही नाही आणि नंतरच्या कुठल्याच नाही. पण प्रत्येक दिवाळीला तो तिच्या मनात असायचा.

आनंदीबाई निवडत असलेल्या तांदळाचं सूप बाजूला ठेवून म्हणाली, “तू धूर बगिटलास. मी पानी बगत हुतो. तुझा बा घरात निजवलेला, आनि मी पहाटंपासनं काठावर. मोठाली झाडं यायलीती मुळासकट. त्यातलं एक त्या काहिलीवर आलं असतं तर? एक गेला हुता, बाई. दुसरं मानूस नदीला द्यायला मी काय खुळी हाय?”

थळवाडीच्या जुन्या बायका स्वतःबद्दल बोलताना ‘हुतो’, ‘येतो’ असंच बोलतात. इतक्या वर्षांनी ते बोलणं ऐकताना उज्ज्वलाला रडू फुटलं.

“मग सांगायचं हुतंस की मला.”

“कवा सांगू? तू येनार सनाला. नवं लुगडं आननार, गोड बोलनार, जानार. सनाच्या दिशी असलं काय काढत्यात व्हय?”

उज्ज्वला बराच वेळ रडली. आनंदीबाईनं तिला रडू दिलं, आणि मग काढायची राहिलेली दोन कोळिष्टकं दाखवली. परत येताना पुलाच्या मधोमध उज्ज्वला थांबली. छातीवरून तीस वर्षांचं ओझं उतरलं होतं, आणि तिला आईचा इतका लळा लागल्यासारखा वाटत होता की तिथूनच मागे फिरावं.

मृगाच्या आदल्या आठवड्यात खात्याची माणसं आली. वाळूच्या पोत्यांनी भरलेल्या ट्रॉल्या एकामागून एक पुलावर उभ्या केल्या गेल्या, खाली यंत्रं लावली गेली. वस्ताद आपला पठ्ठा आखाड्यात उतरल्यासारखे हात चोळत फिरत होते. अर्शियाचं सगळं लक्ष पडद्यावर होतं आणि उज्ज्वलाचं अर्शियाच्या चेहऱ्यावर. पूल वाकला, पण ठरलेल्या मर्यादेच्या आत वाकला. फक्त थळवाडीकडचा शेवटचा गाळा, म्हणजे शेवटच्या खांबापुढचा तुकडा, काठावर पास झाला. साहेबांनी विचार केला आणि निकाल दिला, की यंदा जड वाहनं नाहीत, माणसं आणि गुरं जाऊ देत. मात्र चुन्याची रेघ लाल खुणेखाली आली तर त्याच दिवशी पूल बंद. उज्ज्वलानं साहेबांना आग्रहानं पुरणपोळी वाढली आणि त्यांनी नको म्हटल्यावर आणखी एक वाढली.

पावसाळा आला, बंधारा बुडाला, आणि पूल चालू राहिला. छत्र्या घेऊन माणसं जात-येत राहिली. आता निमित्तं शोधावी लागत नव्हती. कुणाचं दूध, कुणाचं औषध, कुणाचं नुसतंच भांडण पुरं करायचं राहिलेलं. उज्ज्वला रोज सकाळी जायची.

ऑगस्टमध्ये निरगुडीनं पात्र सोडलं. त्या दिवशी निंबऱ्याच्या खालच्या आळीत पाणी शिरलं, आणि उज्ज्वला पहाटेपासून माणसं, गुरं आणि धान्याची पोती शाळेत हलवत होती. आईकडे जायचं राहून गेलं. दुपार टळली तेव्हा अर्शियाचा फोन आला.

“अक्का, पुलावर कुणीतरी आहे. थळवाडीकडून आलंय आणि मधल्या खांबावर थांबलंय. बराच वेळ झाला, हलत नाही. वजन अगदी कमी आहे. एखादं पोरगं तर नसेल?”

तिला पुढचं बोलू न देता उज्ज्वला पळत सुटली. पोरगं नाही हे तिला समजलं होतं. पुलाखालून गढूळ पाणी धडाडत जात होतं, पण पूल जागचा हलत नव्हता, आणि पळता पळता तिला त्याची भीती वाटलीच नाही. भीती वाटत होती ती दुसरीच. मधल्या खांबावर, कठडा घट्ट धरून, काळी छत्री घेतलेली आनंदीबाई उभी होती. तिच्या पायात कोऱ्या करकरीत कोल्हापुरी चपला होत्या.

“आई, काय झालं? बरं वाटत न्हाई का?”

“चपला चावायल्यात,” आनंदीबाई वैतागून म्हणाली. “पाक सोलून काढलं की गं पाय. हितनं म्होरं जाववंना आनि मागंबी जाववंना.”

उज्ज्वलाला हसावं की रडावं ते कळेना. तिनं वाकून पाहिलं. दोन्ही अंगठ्यांपाशी कातडी निघाली होती.

“चावनारच. इतकी वर्सं ट्रंकंत कोंडून ठेवल्यास त्या.”

“लेकीच्या घरी पहिल्यांदा यायचं, तर फाटक्या स्लिपरा घालून येऊ व्हय?”

आनंदीबाईनं हे अगदी सहज सांगितलं, पण उज्ज्वला ऐकतच राहिली. आई निघाली होती ती तिच्याकडे यायला. इतक्या वर्षांत आलेली नव्हती. आणि आज, नदी अशी असताना, सकाळी लेक आली नाही म्हणून निघाली होती. आनंदीबाई वरच्या अंगाला, करंजाच्या झाडाकडे बघत होती. झाड कमरेइतक्या पाण्यात उभं होतं.

“दोर तितनंच सोडला हुता,” ती म्हणाली.

“माहीत हाय मला.”

“त्या दिशी ह्यो असता, तर सोडला नसता.”

उज्ज्वलानं खाली बसून आईच्या पायांतून चपला काढल्या, आपल्या मऊ पडलेल्या तिच्या पायात सरकवल्या आणि त्या कोऱ्या स्वतः घातल्या. दुसऱ्या पावलालाच त्या कचकन चावल्या. मग आईचा हात धरून ती निघाली, आणि पावसात, सैल चपला फटक फटक वाजवत, आनंदीबाई आयुष्यात पहिल्यांदा निंबऱ्याच्या काठाला उतरली. तिनं लेकीचं घर बघितलं. चुलीवरच्या कोपऱ्यात कोळिष्टकं आहेत, हे तिनं चहा यायच्या आत दाखवून दिलं. चहा पिऊन झाल्यावर ती जायला उठली.

उज्ज्वला म्हणाली, असल्या पावसात कुठे जातेस, चार दिवस राहा. आनंदीबाई नाही म्हणाली. लेकीच्या दारात राहायची पद्धत त्यांच्यात नव्हतीच, आणि ती एका दिवसात बदलणारी बाई नव्हती. पण उंबऱ्याशी आल्यावर ती थांबली, पायातल्या चपलांकडे बघितलं आणि त्या परत दिल्या नाहीत.

“उद्या तू येऊ नगंस,” ती म्हणाली. “मी येतो. पुलाला वजन लागतंय म्हन्त्यात.”